सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल

अरुण खेत्रपाल (१४ ऑक्टोबर १९५० – १६ डिसेंबर १९७१) हा भारतीय लष्कराच्या १७ पूना हॉर्स या रणगाडा रेजिमेंटमधला अधिकारी. १९७१च्या भारत-पाक युद्धात शकरगढ भागात बसंतर नदीच्या लढाईत तो मारला गेला आणि त्याला मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. वय २१ वर्षं २ महिने, आणि अधिकारी होऊन जेमतेम सहा महिने झालेले. त्यावेळी परमवीर चक्र मिळालेल्यांमध्ये तो सगळ्यात लहान होता, पुढे कारगिलनंतर १९ वर्षांच्या ग्रेनेडियर योगेंद्रसिंह यादव यांना ते मिळालं, पण अधिकाऱ्यांमध्ये आजही अरुणच सगळ्यात लहान.

घराणं पंजाबी असलं तरी महाराष्ट्राशी त्याचा संबंध भरपूर आहे. जन्म पुण्याचा, ट्रेनिंग खडकवासल्याला एनडीएत (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत), रणगाड्यांचा कोर्स नगरला आणि रेजिमेंटच्या नावातही पुणं. तरी आपल्याकडे शाळेच्या पुस्तकांपेक्षा १६ डिसेंबरच्या व्हॉट्सॲप फॉरवर्डमधूनच तो जास्त माहीत झालाय, आणि त्या फॉरवर्डमध्ये बरंच काही वाढवून लिहिलेलं असतं. खरं तर वाढवायची काही गरजच नाही, पदकासोबतच्या सरकारी मानपत्रात जेवढं लिहिलंय तेवढंच पुष्कळ आहे.

घर आणि शिक्षण

खेत्रपाल कुटुंब मूळचं सरगोध्याचं, म्हणजे आताच्या पाकिस्तानातलं. फाळणीत सगळं सोडून इकडे आलं. घरात फौज पिढ्यानपिढ्या होती, पणजोबा शीख खालसा फौजेत होते आणि चिलियनवालाच्या लढाईत इंग्रजांविरुद्ध लढले, आजोबा पहिल्या महायुद्धात, आणि वडील एम. एल. खेत्रपाल इंजिनिअर्स कोअरमध्ये, ते पुढे ब्रिगेडियर म्हणून रिटायर झाले. अशा घरातल्या मुलाला मोठेपणी काय होणार हे कुणी विचारतच नसेल.

शाळा सनावरची लॉरेन्स स्कूल. तिथून १९६७ साली तो एनडीएत आला, ३८वा कोर्स, फॉक्सट्रॉट स्क्वाड्रन, आणि शेवटी त्याच स्क्वाड्रनचा कॅडेट कॅप्टन झाला. खडकवासल्याची तीन वर्षं झाल्यावर एक वर्ष डेहराडूनच्या आयएमएत (भारतीय लष्करी अकादमीत), आणि १३ जून १९७१ला कमिशन मिळून १७ पूना हॉर्समध्ये सेकंड लेफ्टनंट. हा तेव्हा अधिकाऱ्यांमधला सगळ्यात खालचा हुद्दा, खांद्यावर एकच स्टार. आता लष्करात हा हुद्दाच राहिलेला नाही, नवीन अधिकारी थेट लेफ्टनंट म्हणून येतो, त्यामुळे आजकालच्या मुलांना हे 'सेकंड' काय असतं ते सांगावं लागतं.

नवीन रणगाडा अधिकाऱ्याला नगरच्या आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये 'यंग ऑफिसर्स कोर्स' करायला लागतो. अरुण तिथेच होता, आणि युद्धाची लक्षणं दिसायला लागल्यावर कोर्स अर्धवट सोडून सगळ्यांना आपापल्या रेजिमेंटला परत पाठवलं. म्हणजे जो कोर्स पुरा झाल्यावर माणूस रणगाड्यातून लढायला तयार झाला असं मानतात, तो त्याचा पुरा झालेलाच नव्हता.

या प्रवासाचा एक किस्सा फौजेत फार आवडीने सांगतात. तो निघाला तेव्हा सामानात गोल्फच्या स्टिक्स आणि मेसमधल्या जेवणाला घालायचा निळा पोशाख होता, लढाईला जाताना हे कशाला असं कुणी विचारलं तर म्हणाला, लाहोरमध्ये गोल्फ खेळायचंय आणि युद्ध जिंकल्यावर तिकडे डिनर नाईट होईलच की, तेव्हा घालायला नको? विशीतल्या पोराचा आत्मविश्वास, दुसरं काय. आईनेही निरोप देताना त्याला वाघासारखा लढ, पळून येऊ नकोस अशा अर्थाचं काहीतरी सांगितलं होतं म्हणतात.

पूना हॉर्स म्हणजे काय

ही फौजेतली जुनी घोडदळ रेजिमेंट. १८१७ साली दुसऱ्या बाजीरावाशी झालेल्या पुणे तहानंतर इंग्रजांनी इकडे घोडदळ उभं केलं त्यातून ती आली, म्हणून नावात पूना. पुढे घोडे जाऊन रणगाडे आले, जवानही बहुतेक उत्तरेकडचे झाले, पण नाव तेच राहिलं. १९६५च्या युद्धात याच रेजिमेंटचे कमांडिंग ऑफिसर लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर सियालकोट भागात १६ सप्टेंबरला रणगाड्यांच्या लढाईत मारले गेले, त्यांनाही परमवीर चक्र मिळालं. अरुण आला तेव्हा त्या लढाईला सहाच वर्षं झाली होती, त्यामुळे तारापोरांबरोबर लढलेले लोक मेसमध्ये रोज समोर दिसत असणार. नवीन आलेल्या पोरावर याचा परिणाम होणारच.

७१मध्ये रेजिमेंटचे सीओ, म्हणजे कमांडिंग ऑफिसर, होते लेफ्टनंट कर्नल हणुत सिंग, राजस्थानचे, लग्न न केलेले, धार्मिक वृत्तीचे आणि रणगाड्यांच्या युद्धातले एकदम पक्के मानले जाणारे. या लढाईबद्दल त्यांना महावीर चक्र मिळालं. त्यांचा हुकूम लढाईत सगळ्यांना माहीत होता, कुणीही आपला रणगाडा एक इंचही मागे घ्यायचा नाही. पुढे जे झालं ते समजायला हा हुकूम लक्षात ठेवायला हवा, कारण अरुणने जे केलं ते एकट्याच्या डोक्यातलं वेडं धाडस म्हणून सांगितलं जातं तसं नव्हतं, अख्खी रेजिमेंटच त्या दिवशी त्याच हट्टाने उभी होती.

शकरगढ आणि बसंतर

नकाशात बघितलं तर पठाणकोट आणि जम्मूच्या मध्ये पाकिस्तानचा एक फुगवटा भारताच्या बाजूला आत आलेला दिसतो, तो शकरगढचा भाग. पठाणकोटहून जम्मूला जाणारा रस्ता याच्या अगदी जवळून जातो, म्हणजे तिथून पाकिस्तानने जोर लावला तर काश्मीरची वाटच तुटायची. म्हणून भारताने आपणच आत घुसायचं ठरवलं. ५४ इन्फंट्री डिव्हिजन, कमांडर मेजर जनरल वॉल्टर पिंटो, आणि त्यांच्यातली ४७ इन्फंट्री ब्रिगेड, जिच्यासोबत पूना हॉर्सचे रणगाडे होते.

अडचण शत्रूच्या रणगाड्यांपेक्षा आधी भूसुरुंगांची होती. पाकिस्तानने नदीच्या अल्याड पल्याड सुरुंगांचे पट्टे पेरून ठेवले होते, खूप रुंद. आधी पायदळाने पार व्हायचं, पलीकडे पाय रोवायला जागा घ्यायची, ज्याला ब्रिजहेड म्हणतात, मग इंजिनिअर्सनी सुरुंग काढून रणगाड्यांना जाईल एवढी गल्ली मोकळी करायची, मग रणगाडे. हे काम रात्री, अंधारात, वरून तोफगोळे पडत असताना करायचं असतं. ९ इंजिनिअर रेजिमेंटचे मेजर विजय रतन चौधरी याच मोहिमेत सुरुंगांच्या पट्ट्यांतून वाटा काढून देताना मारले गेले, त्यांना महावीर चक्र मिळालं, पण त्यांचं नाव किती जणांना माहीत असतं? रणगाड्याची गोष्ट सगळे सांगतात, रणगाडा तिथपर्यंत पोचवणाऱ्यांची फार कमी.

१५ डिसेंबरच्या रात्री ९ च्या सुमारास ब्रिजहेड तयार झालं. सुरुंग काढायचं काम अर्ध्यावरच होतं आणि पलीकडून पायदळ रेडिओवर सांगायला लागलं की समोर शत्रूच्या रणगाड्यांची हालचाल वाढलीय. रणगाड्यांशिवाय उघड्यावर बसलेलं पायदळ आणि समोरून चिलखती हल्ला, याचा शेवट काय होतो ते सगळ्यांना माहीत असतं. मग पूना हॉर्सने ठरवलं की गल्ली पूर्ण होईपर्यंत थांबायचं नाही, उरलेल्या सुरुंगांतूनच जायचं, आणि गेले. पहाटेपर्यंत रणगाडे पलीकडे पोचले. या एका निर्णयावर दुसऱ्या दिवसाची लढाई उभी आहे असं माझं मत.

१६ डिसेंबरची सकाळ

सकाळी ८ च्या सुमारास जरपाल गावाजवळ धुराचा पडदा सोडून पाकिस्तानच्या १३ लान्सर्स या रणगाडा रेजिमेंटने पॅटन रणगाड्यांसह हल्ला केला. समोर पूना हॉर्सची बी स्क्वाड्रन, म्हणजे रेजिमेंटमधली रणगाड्यांची एक तुकडी होती, संख्येने कमी. त्यांनी रेडिओवर मदत मागितली. अरुण ए स्क्वाड्रनमध्ये होता, ते ऐकून तो आपले रणगाडे घेऊन निघाला.

त्याचा रणगाडा ब्रिटिश बनावटीचा सेंच्युरियन, नाव 'फामागुस्ता', सायप्रसमधल्या एका बंदराच्या शहरावरून. आत चार माणसं, पुढे ड्रायव्हर, गोळा झाडणारा गनर, गोळा भरणारा आणि रेडिओ सांभाळणारा लोडर, आणि वर कमांडर. कमांडरला बाहेरचं नीट दिसावं म्हणून डोकं वर काढून उभं राहावं लागतं, म्हणजे सगळ्यात जास्त धोका त्यालाच. लक्ष्य तो हेरतो, गनरला सांगतो, गोळा सुटल्यावर कुठे पडला बघून पुन्हा सांगतो, त्याच वेळी कानात रेडिओवर स्क्वाड्रनचं बोलणं चालू, ड्रायव्हरला कुठे वळायचं तेही त्यानेच सांगायचं. कोर्स अर्धवट राहिलेला मुलगा हे सगळं खऱ्या लढाईत, धूर आणि धुळीत करत होता.

वाटेत नदी ओलांडतानाच त्याच्या तुकडीवर गोळीबार झाला, शत्रूची काही ठाणी आणि रणगाडाविरोधी तोफा अजून तिथे शाबूत होत्या. त्याच्याबरोबरच्या एका रणगाड्याचा कमांडर तिथेच मारला गेला. थांबून वरिष्ठांना विचारण्याऐवजी अरुणने सरळ त्या ठाण्यांवर रणगाडे घातले, ती चिरडली, आणि काही ठिकाणी तर तिथल्या पाकिस्तानी सैनिकांना पिस्तुलाच्या धाकावर पकडलं, असं मानपत्रातच लिहिलंय. मग पुढे बी स्क्वाड्रनकडे. तोपर्यंत पहिला हल्ला मागे वळत होता, त्याने पाठलाग करून एक रणगाडा उडवला.

पण १३ लान्सर्सही कसलेली रेजिमेंट, ते पुन्हा जुळवून आले आणि आता ज्या बाजूला आले तिथे आपले तीनच रणगाडे उभे होते, कॅप्टन मल्होत्रा, लेफ्टनंट अहलावत आणि अरुण. समोर अख्खी स्क्वाड्रन. या झटापटीत शत्रूचे दहा रणगाडे निकामी झाले, त्यातले चार अरुणचे. अहलावत जखमी झाले, मल्होत्रांच्या रणगाड्याची तोफ बिघडली, म्हणजे काही वेळाने त्या पट्ट्यात धड चालणारा रणगाडा एकच उरला. त्यालाही गोळा लागला होता, तो पेटला होता आणि आतला कमांडर गंभीर जखमी होता.

तेव्हा वरून सांगण्यात आलं की रणगाडा सोडून बाहेर ये. त्याने रेडिओवर जे उत्तर दिलं त्याचा अर्थ असा की नाही सर, मी रणगाडा सोडणार नाही, माझी तोफ अजून चालतेय. याच्यापुढे एक शिवी पण होती, ती पुस्तकांमध्ये कधी ठेवतात कधी गाळतात. मला ती ठेवलेली बरी वाटते, कारण त्याने हे भाषण म्हणून दिलं नव्हतं, पेटलेल्या रणगाड्यातून वैतागून दिलेलं उत्तर होतं ते.

मग आणखी एक रणगाडा त्याने उडवला, शेवटचा, साधारण १०० मीटरवर आलेला. आणि त्याच वेळी फामागुस्ताला दुसरा गोळा लागला. अरुण गेला, त्याच्याबरोबर एक सहकारीही गेला, गनर आणि ड्रायव्हर वाचले. सकाळचे सव्वादहा वगैरे झाले असतील. पाकिस्तानी रणगाडे ती फळी फोडू शकले नाहीत. त्याच दुपारी तिकडे ढाक्यात पाकिस्तानच्या जनरल नियाझींनी शरणागतीवर सही केली, आणि पश्चिमेकडची युद्धबंदी दुसऱ्या दिवशी, १७ तारखेला रात्री ८ ला लागू झाली. म्हणजे तो गेला तेव्हा इकडची लढाई थांबायला अजून दीड दिवस होता.

त्याच जरपालमध्ये ३ ग्रेनेडियर्सचे मेजर होशियार सिंग जखमी अवस्थेत हल्ले परतवत होते, त्यांनाही परमवीर चक्र मिळालं. ७१च्या युद्धात एकूण चारच परमवीर चक्रं दिली गेली, बाकीचे दोघे लान्स नायक अल्बर्ट एक्का आणि हवाई दलाचे फ्लाइंग ऑफिसर निर्मलजीत सिंग सेखों, आणि या चौघांत जिवंतपणी मिळालेले एकटे होशियार सिंग. एकाच गावाच्या आसपासच्या एकाच लढाईत दोन, यावरून बसंतरला काय चाललं होतं त्याचा अंदाज येतो.

घरी कळलं ते

फामागुस्ता आणि त्यातला मृतदेह आधी पाकिस्तानच्या ताब्यात गेला होता, नंतर परत मिळाला. १७ डिसेंबरला सांब्याजवळ अंत्यसंस्कार झाले आणि अस्थी घरी पाठवल्या. पण घरच्यांना २६ डिसेंबरपर्यंत बातमीच नव्हती. युद्ध थांबून नऊ दिवस झालेले, सगळा देश जिंकल्याच्या आनंदात, आणि घरचे मुलगा आता कधीही येईल म्हणून वाट बघतायत. वडील स्वतः फौजी, त्यांना एवढे दिवस पत्र नाही फोन नाही याचा अर्थ काय असू शकतो हे आतून कळलं नसेल असं वाटत नाही, पण ते बोलणार कुणाशी?

परमवीर चक्र हे आपलं युद्धातलं सर्वोच्च पदक, जांभळ्या फितीचं, ब्राँझचं, त्यावर मधल्या राजमुद्रेभोवती इंद्राची चार वज्रं. त्याचं डिझाइन सावित्रीबाई खानोलकरांचं. त्या जन्माने युरोपियन, मराठी लष्करी अधिकारी विक्रम खानोलकर यांच्याशी लग्न करून इथल्याच झालेल्या. दधीची ऋषींनी वज्रासाठी स्वतःची हाडं दिली ती गोष्ट या वज्रामागे आहे.

लाहोरमधली भेट

ही गोष्ट ३० वर्षांनंतरची. २००१ साली ब्रिगेडियर खेत्रपाल ८१ वर्षांचे होते, त्यांना आपलं जन्मगाव सरगोधा एकदा बघायचं होतं. कारगिलला दोन वर्षंही झाली नव्हती, तरी परवानगी मिळाली आणि ते गेले. लाहोरमध्ये त्यांची सोय केली होती निवृत्त ब्रिगेडियर ख्वाजा मोहम्मद नासर यांच्या घरी. नासर आणि घरच्यांनी पाहुणचार इतका केला की म्हाताऱ्या ब्रिगेडियर साहेबांना जरा आश्चर्यच वाटलं असणार, कारण ओळख तर काहीच नव्हती.

जायच्या आदल्या रात्री नासर यांनी सांगितलं. बरीच वर्षं एक गोष्ट बोलायची आहे, आता नशिबानेच तुम्हाला माझ्या घरी पाठवलं. १६ डिसेंबरला १३ लान्सर्सच्या स्क्वाड्रनचा मेजर मीच होतो, अरुण समोर होता, आणि तो माझ्या हातून गेला. तुमचा मुलगा फार शूर होता, त्या दिवशी आमची हार झाली ती त्याच्यामुळे. हे झालं त्यांच्या बोलण्याचं सार.

दुसऱ्याच्या घरात, दुसऱ्याच्या देशात, त्याच्याच घरचं जेवण जेवल्यावर हे ऐकायचं म्हणजे काय झालं असेल. पण दोघंही जुने फौजी, ते एकमेकांवर चिडले नाहीत, निरोप नीटच झाला. नंतर नासर यांनी एका फोटोवर २ मार्च २००१ ही तारीख घालून लिहून पाठवलं की १३ लान्सर्सच्या प्रतिहल्ल्याचं यश आणि अपयश यांच्या मध्ये अरुण न हलणाऱ्या कड्यासारखा उभा राहिला. त्याच मजकुरात या लढाईला आम्ही बडा पिंड म्हणतो आणि पूना हॉर्सवाले बसंतर म्हणतात असंही लिहिलंय. अरुणबद्दल आपल्या बाजूने खूप लिहिलं गेलं, पण समोरून लढलेल्या माणसाचं हे एक वाक्य मला सगळ्यात वजनदार वाटतं, कारण त्याला कौतुक करायची काही सक्ती नव्हती.

आठवणीच्या जागा

जिथे तो पडला तिथे आपण जाऊ शकत नाही. शकरगढमधला जिंकलेला भाग १९७२च्या शिमला करारानंतर परत दिला, जरपाल आज पाकिस्तानातच आहे. त्यामुळे अरुणची आठवण भलत्याच ठिकाणी विखुरलेली आहे, त्यातली निम्मी महाराष्ट्रात.

खडकवासल्याला एनडीएचं परेड ग्राउंड त्याच्या नावाचं आहे, खेत्रपाल परेड ग्राउंड. दर सहा महिन्यांनी पासिंग आऊट परेड तिथेच होते. शेवटी कॅडेट संथ पावलांनी 'अंतिम पग' ओलांडून जातात, म्हणजे अकादमीतलं शेवटचं पाऊल, आणि मग टोप्या हवेत उडतात, आईबाप धावत मैदानात येतात. ३० मे २०२५ला १४८व्या कोर्ससोबत एनडीएच्या पहिल्या १७ मुली याच ग्राउंडवरून पास झाल्या. डेहराडूनच्या आयएमएत त्याच्या नावाचं सभागृह आहे.

फामागुस्ता दुरुस्त करून नगरला (आता अहिल्यानगर) आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये जपून ठेवलाय, जिथला कोर्स सोडून अरुण गेला होता तिथेच. नवीन यंग ऑफिसर्स आजही तिथेच शिकतात. नगरमध्ये रणगाड्यांचं वेगळं म्युझियमही आहे, ते बघायला सगळ्यांना जाता येतं, शिर्डीला जाणारे बरेच जण नगरवरून जातात पण तिथे थांबत नाहीत, एकदा थांबायला हरकत नाही.

दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात परमयोद्धा स्थळावर सगळ्या २१ परमवीर चक्र विजेत्यांचे अर्धपुतळे आहेत, त्यात तोही आहे. २३ जानेवारी २०२३ला अंदमानातल्या २१ मोठ्या निनावी बेटांना या २१ जणांची नावं दिली गेली, त्यातलं एक खेत्रपाल बेट. रणगाड्यावर लढलेल्या माणसाच्या नावाने समुद्रातलं बेट, थोडं गमतीशीर आहे, पण असो. त्याच्या आयुष्यावर हिंदी सिनेमाही निघालाय.

नेहमी होणारे घोळ

दहा रणगाडे एकट्याने उडवले असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं, ते चूक आहे. दहा हा त्या झटापटीतला तिघांचा मिळून आकडा, त्यातले चार त्याचे, आणि रणगाडा पेटल्यावरही शत्रूचा एक उडवला हे मानपत्रात आहे. पूना हॉर्स म्हणजे मराठा रेजिमेंट असाही समज असतो, मराठा लाइट इन्फंट्री वेगळी, ते पायदळ, ही आर्मर्ड कोअर. तारापोर आणि खेत्रपाल एकाच युद्धातले असं पण काहीजण लिहितात, दोघांची रेजिमेंट आणि मृत्यूची १६ ही तारीख सारखी असल्यामुळे होत असेल, पण एक ६५चा सप्टेंबर आणि दुसरा ७१चा डिसेंबर. आणि आडनाव कुणी खेतरपाल लिहितं कुणी क्षेत्रपाल, शोधताना दोन्ही घालून बघावं, माणूस एकच.